पोच

"हो हो, जेवलो की," बाबा म्हणाले, आणि जोडाऱ्याच्या हातातला पेचकस अधांतरीच राहिला. कारण जेवणाचं त्यानं विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं, "बाबा, समोरच्या इमारतीचं बांधकाम संपलं का हो?" या ऑफिसात येताना वाटेत हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक अर्धवट इमारत दिसली होती आणि त्याला आठवलं होतं, की मागे एकदा बाबा त्या ठोकाठोकीनं इतके वैतागले होते, की फोनवर दुसरा विषयच नसायचा. सहज तोंडातून गेलं, बस. फोन खांद्यात दाबलेला, मान वाकडी, समोरच्या लोखंडी मांडणीत अर्धा सरकवलेला नवा डबा, आणि पलीकडून बाबा सांगतायत, जेवलो. त्याला वाटलं, लाइन खराब असेल. पण लाइन खराब आहे की नाही हे ओळखण्यातच त्याची उमर गेली होती. बाबांचा श्वास ऐकू येत होता, खुर्ची करकरलेली ऐकू येत होती. लाइन अगदी स्वच्छ होती. मग त्याला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, त्याच नेहमीच्या सुरात त्यानं विचारलं, "आणि घराला आगबीग लागलीय का बाबा?" "घेतलं, घेतलं. सकाळचंही घेतलं," बाबा म्हणाले. "मी चंद्रावरून बोलतोय," तो म्हणाला. "लागते की. पाठ टेकली की लागते."  तो गप्प राहिला. पलीकडे बाबाही गप्प राहिले, एखादं लांबलचक वाक्य संपायला लागतो तेवढा वेळ, आणि मग समजूतदारपणे म्हणाले, "असू दे. जपून राहा हं." फोन बंद झाला.

जेवलात का, औषध घेतलं का, झोप लागते ना, आणि शेवटी, या वेळी काही यायला जमत नाही बाबा, कामाचा डोंगर आहे नुसता. एवढंच बोलणं. आई गेल्यापासून दोघांमध्ये एक दिवसाआड हेच, याच क्रमानं चालत आलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं. बापलेक आणखी काय बोलणार? म्हाताऱ्यानं तो क्रम पाठ करून ठेवला होता. खिशात फोन थरथरला की उचलायचा, आणि ओळीनं उत्तरं देत जायची. त्यांना ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असं नाही, फोनवर शब्द म्हणून काही येतच नव्हतं. बांधकामाची तक्रार थांबली ती बांधकाम थांबलं म्हणून नव्हे, हे जोडाऱ्याला त्या खोलीत, ओंजळभर स्क्रू समोर पसरलेले असताना कळलं. आणि कळल्यावर त्याला पहिल्यांदा काय आलं असेल, तर हसू. चंद्रावरून बोलतोय म्हणे! मग ते हसू जिथल्या तिथे जिरलं. बाबांनी आपणहून एक तरी प्रश्न विचारल्याला किती काळ लोटला होता, ते त्याला काही केल्या आठवेना.

तसं बघायला गेलं तर यात एवढं हादरण्यासारखं काय होतं? म्हातारपणी कान जातातच. डॉक्टरला दाखवायचं, यंत्र घ्यायचं, कानात बसवायचं, विषय संपला. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर जोडाऱ्यानंच हा सल्ला दिला असता, वर यंत्राच्या चार कंपन्यांची नावंही सांगितली असती. पण जोडारी हादरला तो वेगळ्याच कारणानं. त्याची बायको त्याला सोडून गेली होती, ही गोष्ट त्यानं सबंध दुनियेत एकट्या बाबांना सांगितली होती. ऑफिसात माहीत नव्हतं, शेजारी माहीत नव्हतं, जुन्या मित्रांना तो गेले कित्येक महिने "ती मजेत, ती मजेत" असंच सांगत आला होता. एका लॉजच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून, झोप लागते ना विचारून झाल्यावर, यायला जमत नाहीच्या जागी, तो म्हणाला होता, "बाबा, ती आता परत यायची नाही. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. मला काही सुचत नाहीये हो." पलीकडे थोडी शांतता. आणि मग बाबा, तेच समजूतदार बाबा, म्हणाले होते, "असू दे. जपून राहा हं."

आधी तर तो भडकला होता. असू दे? एवढ्या वर्षांच्या संसाराला असू दे? फोडणी करपली तरी माणूस याहून जास्त बोलतो! रात्रभर त्यानं मनातल्या मनात बापाला फैलावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ते दोन शब्द त्याच्या डोक्यात हळूहळू निवत गेले. बाबा कधी वायफळ बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही त्यांनी हंबरडा फोडला नव्हता, तिची चप्पल उचलून आतल्या खोलीत ठेवली होती आणि दार लोटून घेतलं होतं. अशा माणसानं असू दे म्हटलं, म्हणजे त्यात काही तरी असणार. तुझा दोष नाही रे, असं असेल. किंवा, होतं असं, मीही पाहिलंय. किंवा नुसतंच, मी आहे. त्या दोन शब्दांतून त्यानं एवढं काही काढलं होतं, की विचारू नका. दाढी करताना, कुलूप लावताना, रिकाम्या घरात शिरून दिवा लावण्याआधीच्या त्या एका क्षणी, तो स्वतःशीच म्हणायचा, असू दे. त्यावर तर तो तग धरून होता. आणि ते दोन शब्द कामाच्या डोंगराला उद्देशून होते! म्हणजे त्यानं सांगितलेलं कुणाच्याच कानावर पडलं नव्हतं. जे त्यानं एकदाच, सगळा जीव गोळा करून सांगितलं होतं, ते त्याला परत सांगावं लागणार होतं. आणि परत सांगायचा धीर आपल्यात नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

स्क्रू तर बसवायलाच हवे होते. त्यानं ते बसवले. ही लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीची गावोगावची ऑफिसं, आणि प्रत्येक ऑफिसातली त्याची खोली ठरलेली: स्वच्छतागृह आणि अडगळ यांच्या मधली, खिडकी नसलेली, पंख्यांच्या घुंघुं आवाजाची. त्याला जोडारी हे नाव मुख्य ऑफिसातल्या साहेबांनी ठेवलं होतं, थट्टेनं, आणि ते चिकटलं. डब्याचं काम सांगायला सोपं. दोन ऑफिसांच्या संगणकांमधली लाइन बारीक, माल, म्हणजे फोटो नि अहवाल, फार. म्हणून लाइनीच्या दोन्ही टोकांना एकेक डबा बसवायचा. एकदा गेलेलं काही परत जायला निघालं, की अलीकडचा डबा ते सगळं पाठवतच नाही, नुसती खूण पाठवतो, आणि पलीकडचा स्वतःच्या आठवणीतून ते भरून काढतो. शिवाय आणखी एक सोय. पलीकडून पोच यायला वेळ लागतो, तोवर माणूस पडद्याकडे बघत ताटकळतो. म्हणून अलीकडचा डबाच पलीकडच्याच्या वतीनं पोच देऊन टाकतो. पोचलं, म्हणतो. माणूस खूश होऊन उठतो, आणि मग हा आपल्या सवडीनं माल पुढे ढकलत बसतो. जोडाऱ्यानं हे किती ऑफिसांत, किती खुर्च्यांसमोर उभं राहून छाती फुगवून समजावलं होतं! लोक टाळ्या वाजवायचेच बाकी असत. आता या सगळ्याचा आपल्या बापाशी संबंध जोडत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. असल्या उपमांचा त्याला कंटाळा होता. डबा तो डबा आणि बाप तो बाप. पण हिरवा दिवा लागला, डब्यानं पलीकडच्या डब्याला ओळख दिली, पडद्यावर सगळं ठीक अशी ओळ उमटली, आणि त्याला तिथून उठावंसंच वाटेना. जमिनीवर, वायरींच्या वेटोळ्यात, तो बसून राहिला.

बायको एकदा म्हणाली होती, "तू हुं म्हणतोस ना, ते माझं वाक्य संपायच्या आधी म्हणतोस." भांडून नव्हे. भांडणं त्यांच्यात झालीच नाहीत, हीच तर मेख. ती कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटा होता, आणि चिमटा काढून हसत म्हणाली होती. तोही हसला होता आणि म्हणाला होता, हुं. पुढे तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, चांगली होती, त्यानंच जा म्हटलं. सुरुवातीला ती दर शनिवारी यायची. पुढेपुढे तिला महिन्यातून एखादा शनिवार जमू लागला. हा तर काय, सदानकदा दौऱ्यावर; कित्येकदा ती यायची तेव्हा हा कुठल्या तरी बिनखिडकीच्या खोलीत पेचकस घेऊन बसलेला असायचा. एका शनिवारी ती आली, कपाटातले तिचे उबदार कपडे काढले, पिशवीत भरले, चहा केला, दोघांनी घेतला, आणि ती म्हणाली, "मला वाटतं आपण हे आता थांबवू या." इतकं साधं. बस थांब्यावर थांबवा म्हणावं तसं. ती कपबशी विसळून गेली. त्यालाही रडूबिडू आलं नाही. त्यानं कपाटाचं दार लावलं आणि दौऱ्यावर गेला. रडणं राहूनच गेलं, आणि मग त्याची वेळ निघून गेली असं त्यानं धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो या आधीच्या ऑफिसातल्या बाईंचा. तिथला डबा त्यानं गेल्या आठवड्यात बसवला होता. बाई म्हणजे तिथल्या सगळ्या कामाचा कणा. त्या रजेवर गेल्या की ऑफिसचं कुलूपसुद्धा नीट उघडत नसे म्हणे. डबा प्रथम पाहिला तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, "यात आमच्यासाठी जेवण आणलंत की काय?" आज मात्र आवाजात थट्टा नव्हती. "अहो, तुमच्या डब्यानं माझं वाटोळं केलं. महिनाभराचे अहवाल, फोटोंसकट, परवा संध्याकाळी मुख्य ऑफिसला पाठवले. पोचले म्हणून दाखवलं. आमच्या मशिनीत जागा नसते म्हणून पोचलं की आम्ही इथलं पुसून टाकतो, माहितीये तुम्हाला. पुसलं. आणि आता तिथले म्हणतात आलेच नाहीत. कुठे गेले?" जोडाऱ्याला तिथेच कळलं काय झालं असेल. तो म्हणाला, "येतो मी बाई." खरं तर साहेबांनी त्याला पुढच्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं होतं, आणि हे लांबून बसल्या जागीही तपासता आलं असतं. पण त्याच वाटेवर पुढे बाबांचं गाव होतं. तो येतो म्हणाला ते बाईंना की बाबांना, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

बसमध्ये त्यानं बाबांशी बोलायची तालीम केली. बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. नको. बाबा, मागे मी फोनवर म्हणालो होतो ना. तेही नको, त्यांच्या लेखी मागे काही झालंच नव्हतं. शेजारच्या बाकावर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता, त्याचं डोकं दर वळणाला याच्या खांद्यावर येत होतं, आणि जोडाऱ्याच्या लक्षात आलं की आपण ते ढकलत नाही आहोत. किती दिवसांत कुणी आपल्याला हात लावलेला नाही, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग डोक्यात दुसराच भुंगा शिरला. बाबांना ऐकू येत नाही म्हणजे मोठ्यानं बोलावं लागणार. ओरडावं लागणार. ती आता परत यायची नाही, हे वाक्य ओरडून कसं म्हणायचं? ते तर कुजबुजायचं वाक्य. रस्त्यात कुणाला हाक मारावी तसं ते म्हणायचं?  त्यापेक्षा न सांगितलेलं काय वाईट, बाबा म्हणतातच आहेत असू दे, चाललंय ते चालू द्यावं, असंही त्याला वाटून गेलं, एकदा नव्हे, चांगलं चारपाच वेळा.

बाईंच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या त्याला तिथला म्हातारा शिपाई दारातच उभा दिसला, खाली मान घालून. "साहेब, चूक माझी," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, जाताना मोठा खटका बंद करायचा नाही, त्या खोलीचा चालू ठेवायचा. मी हो म्हटलं. ऐकलं होतं मी, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं दिवे, पंखे, खटका, कुलूप, याच क्रमानं हात जातो. हात गेला." खटका खाली आला तेव्हा बाईंचे अहवाल निम्मे डब्याच्या पोटात होते. जोडीला ठेवलेल्या बॅटरीनं थोडा वेळ दम धरला आणि मान टाकली. बाई तर पोच मिळाल्याबरोबर घरी गेलेल्या. जोडाऱ्यानं तासभर डब्यात डोकं घातलं, पण हाती लागलं ते अर्धं, आणि तेही उघडेना. त्यानं हात टेकले. बाहेर येऊन तो म्हणाला, "नाही मिळत बाई. शिपाईकाकांना बोलू नका. मी ती सोय इथे चालूच करायला नको होती." बाई शिपायाला काही बोलल्याचं दिसत नव्हतं. त्या कधीच्या फोनला बसल्या होत्या, एकेका कारागिराकडून एकेका लिफ्टचे फोटो परत मागवत होत्या, आणि मधूनमधून कपाळ चोळत होत्या. "होईल हो ते," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मान मोडेल, पण होईल. राग कशाचा येतो सांगू? पोचलं नव्हतं तर त्यानं तसं म्हणायचं ना. मी थांबले असते. मला काय घाई होती? घरी जाऊन तरी मी भिंतीच बघते." एवढं बोलून त्या पुन्हा फोनकडे वळल्या. जोडारी तिथेच उभा राहिला. काही तरी बोलावं असं त्याला फार वाटलं, पण पलीकडून कुणी तरी बाईंचा फोन उचलला होता.

आत जाऊन त्यानं ती सोय बंद केली. आता पलीकडून खरी पोच येईपर्यंत पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहणार. बाहेर येऊन त्यानं तसं सांगितलं, "उशीर लागेल आता." "लागू दे की," बाई म्हणाल्या, "बसेन." मग त्यानं साहेबांना कळवलं, की उद्या पुढच्या ऑफिसात पोचत नाही, बाबांकडे जायचंय. साहेब माणूस वाईट नव्हता. "घरी सगळं ठीक ना रे?" त्यांनी विचारलं. "ठीक, ठीक," जोडारी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला शिपाई आठवला. जीभ सवयीनं गेली होती. फोन ठेवून तो खालच्या पायरीवर बराच वेळ उभा होता, आणि शेवटी बाबांच्या गावाची बस आली तेव्हा चढला, इतकंच.

बाबांनी दार उघडलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. घंटी त्यानं चारदा वाजवली होती आणि शेवटी खिडकीतून हात हलवला होता. "अरे! तू?" बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद दिसला, की जोडाऱ्याला तोंड लपवावंसं वाटलं. ते आणखी वाळले होते, सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात होती. त्याला बसवून ते स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटत चहा करायला लागले. भांडी आपटतायत हे त्यांना कुठे ऐकू येत होतं! "काम फार होतं ना तुला?" ते तिथूनच म्हणाले. "मध्येच कसा आलास? बरं झालं. मी ठणठणीत आहे. जेवतो वेळच्या वेळी." तो मागोमाग जाऊन दारात उभा राहिला. बाबा पाठमोरे होते आणि उत्तरं देत होते. औषध घेतो. झोप लागते. न विचारलेल्या एकेका प्रश्नाचं उत्तर, ओळीनं, न चुकता. त्याला ते ऐकवेना. त्यानं पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना आपल्याकडे वळवलं. स्वतःच्या कानाला हात लावला, मान नकारार्थी हलवली, आणि प्रश्नार्थक बघितलं.  चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. गॅस बंद करून ते स्टुलावर बसले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं, आवाज पुरला नाही, मग मोठ्यानं, "कधीपासून, बाबा?" "झालं वर्ष," ते म्हणाले. "जास्तच." "मला सांगितलं का नाहीत?" बाबा जमिनीकडे बघत राहिले. "सांगितलं असतं तर तू फोन कशाला केला असतास? बहिऱ्याला कुणी फोन करतं का? आवाज येतो मला, थोडा. शब्द कळत नाहीत, पण तू बोलतोयस हे कळतं. तेवढ्यावर माझं भागत होतं."  ते खोटं नव्हतं. बाबांना ऐकू येत नाही असं त्याला समजलं असतं, तर त्यानं मोठं यंत्र पाठवून दिलं असतं, डॉक्टरची वेळ घेऊन दिली असती, आणि फोन हळूहळू बंद पडला असता. त्याला ते इतकं लख्ख दिसलं, की तो बाबांच्या समोर खालीच बसला, फरशीवर, फडताळाला टेकून.

"तुम्हाला मी एक सांगितलं होतं," तो म्हणाला. बाबांनी मान पुढे केली. "मोठ्यानं बोल रे. इथे कोण आहे ऐकायला?"  मग तो ओरडला, "ती गेली, बाबा! सोडून गेली! परत नाही यायची!" एवढ्या मोठ्या आवाजात ते वाक्य त्यानं स्वतःसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. ते भिंतीवर आदळलं, भांड्यांवर आदळलं, बहुधा जिन्यातही गेलं असेल. आणि बाबा, ज्यांच्याकडे त्याच्या प्रत्येक शब्दाला तयार उत्तर असायचं, काहीच बोलले नाहीत. त्यांचे डोळे आधी त्याच्या तोंडावर होते, मग हळूहळू वर आले. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मला सांगितलं होतंस हे? फोनवर?" त्यानं मान हलवली. "मग मी काय म्हणालो?"

जोडाऱ्याला वाटलं, सांगू नये. काही तरी दुसरं सांगावं, म्हणावं, चांगलं बोललात बाबा. पण त्याच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. "असू दे म्हणालात," तो ओरडला. "जपून राहा म्हणालात."

बाबांनी दोन्ही हात तोंडावर नेले. "नाही रे," ते म्हणाले. "नाही, नाही. असू दे कसं म्हणेन मी? असं कसं असू दे?" आणि ते पुन्हापुन्हा मान हलवत राहिले, आई गेली तेव्हाही त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि जोडाऱ्याला भीतीही वाटली आणि फार बरंही वाटलं. गेले कित्येक दिवस ज्या दोन शब्दांवर तो जगत होता ते बाबांनी त्याच्या देखत काढून घेतले होते, आणि त्या बदल्यात शहाणपणाचं काही दिलं नव्हतं. ते नुसते हादरले होते. इतके दिवस हा एकटाच हादरलेला होता. बाबा उठले, स्टूल त्याच्या अगदी शेजारी ओढलं, खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि उजवा कान पुढे केला. "या कानात थोडं शिरतं," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग." आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला, मोठमोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत. ती चहा करून गेली बाबा, इथपर्यंत आला आणि तिथे त्याचा आवाज फुटला. बाबांनी कान काढला नाही. "काय म्हणालास?" त्यांनी विचारलं. "कळलं नाही मला. परत सांग." त्यानं परत सांगितलं.